म्हाकूबाईचा घास

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा बाणूरच्या माळावर माणसं थोडी आणि मेंढ्या फार. ऐकणाऱ्यानं मध्येच जांभई द्यायची नाही.

एका साली कळपात हगवणीची साथ आली आणि निम्मी कोकरं गेली. कारभारी सुबाना धनगर भ्याला. त्यानं हुकूम सोडला, यापुढं कोकरू जन्मलं की आईपासून तोडायचं, धुतलेल्या दगडावर ठेवायचं, शिंगातून दूध पाजायचं. कोकरं दिसायची कशी, देव्हाऱ्यात ठेवावीत अशी! पण जरा वारं फिरलं की माना टाकायची. असंच चाललं असतं तर म्हाताऱ्या मेंढ्यांबरोबर कळपही संपला असता.

सुबानाची सून म्हाकूबाई. तिनं एक गोष्ट हेरली. कळपात तुटकी नावाची एक म्हातारी मेंढी होती, तिला कुठलीच साथ शिवत नसे. तुटकी रवंथ करत बसली की म्हाकूबाई तिच्या तोंडात बोटं घाली, हिरवा घास काढी आणि कोकराला चाटवी.

सासऱ्यानं ते पाहिलं. "सूनबाई, मेंढीचं उष्टं कोकराला? समदा कळप बाटवशील!"

"मामंजी, रिकाम्या घरात चोर शिरतो. ह्यांच्या पोटात कुणी राहायलाच न्हाई. तुटकीच्या घासातलं गणगोत नांदू द्या की तिथं."

"मग ही मरायला टेकलेली कोकरं आन् ती तुटकी घे आन् कुपाणाबाहेर बस!"

बसली ती. बाई हट्टाला पेटली होती. उन्हात बसली, गारठ्यात बसली, घास भरवत राहिली. असं म्हणतात, तिचा उजवा तळवा तेव्हा हिरवा झाला तो कायमचाच.

आणि साथ पुन्हा आली. असं म्हणतात, ती म्हाताऱ्या बाईच्या रूपात आली. कुंपणातली धुतलेली कोकरं तिनं एकेक करून उचलली, एक तेवढं मागं राहिलं. मग ती बाहेर आली, म्हाकूबाईच्या कोकरांची तोंडं हुंगली आणि म्हणाली, "हितं आधीच कोन तरी ऱ्हातंय." आणि आल्या वाटेनं निघून गेली.

सुबाना ढसाढसा रडला. राहिलेलं ते एकुलतं कोकरू त्यानं पोटाशी धरलं, कुंपणाच्या काटेरी फांद्या स्वतःच्या हातानं बाजूला केल्या आणि ते सुनेच्या मांडीवर ठेवलं. "भरव," एवढंच म्हणाला.

आजही त्या माळावर कळपातली सर्वांत म्हातारी मेंढी कुणी विकत नाही. कोकरू जन्मलं की घरातली थोरली बाई त्या मेंढीचा रवंथाचा घास त्याच्या जिभेला लावते, इवल्या पोटावरून हात फिरवते आणि म्हणते, "म्हाकूबाई, ऱ्हायला या."