'नाही' नसलेला देश

एका नदीच्या दोन काठांवर दोन देश होते. माती तीच, पाणी तेच, माणसंही तसलीच, अर्धी शहाणी आणि अर्धी हट्टी. फरक काय तो एका शब्दाचा.

पूर्वेच्या राजानं 'नाही' या शब्दावरच बंदी घातली होती. त्याचं म्हणणं, असल्या शब्दापायी देश मागं राहतो. मग मीठ संपलं तरी वाणी सांगायचा, "मीठ उद्या आहे!" तापानं फणफणलेला माणूस म्हणायचा, "बरा होणार आहे!" पण काम बघा! सकाळी राजाच्या मनात आलं की दुपारी पाया खणलेला. रुंद रस्ते, चाळीस गिरण्या, नदीच्या काठाला ताडाएवढा उंच बांध. वीस वर्षांत देश नुसता झळकायला लागला!

पश्चिमेला मात्र सगळा खोळंबा. तिथला राजा लोकांना विचारल्याशिवाय वीट हलवायचा नाही, आणि लोक तरी कसले! एका विहिरीसाठी तीन आठवडे भांडायचे. पूर्वेचे लोक काठावरून ओरडायचे, "काय पाव्हणं, लागलं का पाणी?"

"जागा ठरतीय!"

"ठरवा, ठरवा! नातवंडं पितील!"

मग एका वर्षी नदी अशी फुगली की विचारू नका. पूर्वेच्या राखणदाराला बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी झिरपताना दिसलं. खालच्याच आळीत त्याची दिवस भरलेली लेक राहत होती.

तेवढ्यात राजा घोड्यावरून आला. "काय रे, टिकेल ना बांध?"

'हो' म्हटलं तर आळी बुडणार. खरं बोललं तर मान जाणार.

"नाही!" राखणदार ओरडला. "टिकणार नाही, महाराज! आळी रिकामी करा!"

लोकांनी कानांवर हात ठेवले. राजा लालबुंद झाला. "धरा याला! एवढ्या माणसांत हा एकटाच म्हणतोय ना असं?"

शिपायानं राखणदाराचं मनगट धरलं, पाण्याकडं बघितलं आणि मनगट सोडलं. त्याची आई त्याच आळीत होती.

"नाही," तो म्हणाला. "मीपण म्हणतोय."

झालं! एकच गलका उठला. म्हातारा गवंडी पुढं आला. "पाया कच्चा आहे, हे मला तेव्हाच ठाऊक होतं!"

"मग तेव्हा बोलला का नाहीस?" राजा गरजला, आणि आपल्याच तोंडून 'नाही' निघालेलं ऐकून त्यानं जीभ चावली.

लोक टेकडीकडं धावले. पोरं काखेत, म्हाताऱ्या पाठीवर, कोंबड्या डोक्यावर! शेवटचं माणूस वर चढलं आणि बांध फुटला. गिरण्या गेल्या, महाल गेला. पलीकडं पश्चिमेच्या काठालाही बांध होता, बुटका, ओबडधोबड. पण 'असा चालायचा नाही' म्हणून लोकांनी तो सात वेळा पाडायला लावला होता. तो जागचा हलला नाही.

राजा चिखलात बसला. "वीस वर्षांचं काहीच उरलं नाही रे."

राखणदार लेकीला पाणी पाजत होता. तो खेकसला, "डोळे उघडा की, महाराज! ही एवढी माणसं उरलीत, ती काय? विचारा त्यांना, पुढं काय करायचं."

राजानं विचारलं. सगळे एकदम बोलायला लागले.

तात्पर्य काय, तर देश किती उंच बांधलाय ते मागाहून बघा; आधी तिथल्या साध्या माणसाला राजाच्या तोंडावर 'नाही' म्हणता येतं का, ते बघा.