पहिल्या घासाचं दूध

खूप वर्षं झाली. इतकी की, ज्या डोंगराच्या पायथ्याशी हे घडलं त्याला तेव्हा नावसुद्धा पडलं नव्हतं. पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात दोन गवळणी होत्या. एकीचं नाव हौसा, दुसरीचं बायजा. दोघींचे गोठे भिंतीला भिंत लागून होते.

हौसाच्या दावणीला बारा गायी. थोराड, पांढऱ्याशुभ्र, चरवी भरून दूध देणाऱ्या. बायजाकडे चारच, बुटक्या, तांबड्या, दिवसभर डोंगरावर चरणाऱ्या. त्यांचं दूध थोडं, पण पिवळसर झाक असलेलं. गावातली चाळीस घरं हौसाकडून दूध न्यायची आणि नऊ घरं बायजाकडून. कुणाचं काही अडत नव्हतं.

पण लहानथोर मंडळींनो, हौसाचा स्वभावच वेगळा. आपल्या दारी येणारी चाळीस घरं तिला दिसायचीच नाहीत. बायजाच्या दारी जाणारी नऊ मात्र तिला नावानिशी पाठ होती. शेण काढता काढता ती भिंतीवरून डोकावायची. बायजाच्या अंगणात कुणी हसलं की हिच्या पोटात दुखायचं.

त्यातही एक गोष्ट तिला फारच झोंबायची. त्या गावात उष्टावणाची एक रीत होती. बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याला पहिला घास खिरीचा द्यायचा, आणि खिरीला दूध कुणाचं घ्यायचं ते बाळाच्या आईनं ठरवायचं. त्यात सासूनं बोलायचं नाही, नवऱ्यानं बोलायचं नाही. जिचं दूध घेतलं, त्या गवळणीनं पाटावर बसून पहिला चमचा भरवायचा. मग बाळाची आई तिची ओटी भरणार, सगळं गाव बघणार. मोठा मान होता तो. आणि कुणास ठाऊक कधीपासून, हा मान दर वेळी बायजाकडेच जायचा. रोजचं दूध हौसाकडून नेणाऱ्या बायकासुद्धा त्या दिवशी वाटी घेऊन बायजाच्या दारात उभ्या राहायच्या.

एकदा हौसानं तोंड वाकडं करून विचारलं, “काय गं बायजे, तुझ्या गायी काय सोनं चरत्यात व्हय?”

बायजा साधी बाई. म्हणाली, “सोनं कुठलं आणू, हौसाबाई? डोंगरावर उगवंल ते खात्यात.”

हे साधं बोलणंही हौसाला टोमण्यासारखं लागलं. ‘म्हणजे माझ्या गायी गोठ्यात बांधलेल्या, असंच ना?’ ती दिवसभर धुमसत राहिली. खरं तर तिच्या गायींचं दूध उत्तम होतं. त्याला नाव ठेवायला जागा नव्हती आणि कुणी ठेवतही नव्हतं. पण मत्सरानं घेरलेल्या माणसाला हे सांगणार कोण?

मग हौसा कामाला लागली. बायजाचं दूध पिवळसर दिसतं काय? तिनं पळसाची फुलं वाळवून त्यांचं पाणी काढलं आणि चार थेंब दुधात सोडले. आली झाक! मग तिला वाटलं, नुसता रंग काय कामाचा, दूध बायजापेक्षा दाटही हवं. म्हणून शिंगाड्याचं पीठ आलं. लोकांनी मिटक्या माराव्यात म्हणून साखर आली. दूध तीन-तीनदा उकळून वरची साय तिनं तुपासाठी काढून घेतली. आणि ते दोन दिवस नासू नये म्हणून चिमूटभर पापडखार. गोठ्यामागच्या खोलीचं दार लावून हा सगळा खटाटोप चालायचा. बाहेर यायचे ते रंगवलेले, गळ्यात झेंडूची माळ घातलेले देखणे मातीचे हांडे. दुधाला तिनं नावही दिलं, राजदूध.

गाव अगदी खुळावलं. दाट काय, गोड काय, दोन दिवस राहतं काय! पाहुण्यांपुढे राजदुधाचा पेला ठेवण्यात प्रतिष्ठा वाटू लागली. बायजाकडची नऊ घरं एकेक करून सात झाली, चार झाली, एक झाली. बायका कधीमधी तक्रार करायच्या, “हौसाबाई, दही काही लागत न्हाई नीट.” हौसा म्हणायची, “तुमचं इरजणच बिघडलंय, मी काय करू?” एका घरातलं पोर पोट फुगून रात्रभर रडलं, तेव्हा तिनंच जाऊन त्याला ओवा दिला आणि दात येत असतील म्हणून सांगितलं. सगळ्यांनी ते खरं मानलं. गोड लागणाऱ्या गोष्टीवर माणूस फार प्रश्न विचारत नाही.

एक गोष्ट मात्र गावाला ठाऊक नव्हती. हौसाच्या स्वतःच्या घरात राजदूध येत नव्हतं. एका गायीचं दूध ती तांब्यात वेगळं काढायची, नुसतं, धारोष्ण, आणि ते स्वयंपाकघरात जायचं. का, असं तिनं स्वतःलाही कधी विचारलं नाही.

शेवटी बायजानं तीन गायी भावाच्या गावी पाठवून दिल्या. घेणारं एकच घर उरलं तर एवढं दूध काढून करायचं काय? एकच गाय तिनं ठेवली आणि तिचं दूध बहुतेक वासरालाच सोडू लागली. गायी वेशीबाहेर गेल्या त्या दिवशी हौसानं घरात पुरणाचा स्वयंपाक केला. कुणी विचारलं तर म्हणाली, “सहज.”

तरी तिचा जीव निवेना. उष्टावणाचा पाट अजून मिळाला नव्हता. वर्षभरात गावात दोनच उष्टावणं झाली आणि दोन्ही वेळा आया वाटी घेऊन बायजाच्या त्या एका गायीपाशी गेल्या होत्या.

अशात हौसाची सून, वेणू, माहेरहून बाळंतपण आटोपून आली. मांडीवर मुलगा. गोरागोमटा, हसरा, कुणाकडेही झेपावणारा. हौसा त्याला खाली ठेवायची नाही. त्याला सहा महिने झाले आणि उष्टावणाचा दिवस ठरला. आपली सून कुणाचं दूध घेणार या विचारानं हौसाला झोप लागेना. रीत म्हणून विचारता येत नव्हतं. आपल्याच घरच्या बाळाला बायजाचं दूध घेतलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि आपलं घेतलं, तर? तर त्या बायजाच्या देखत आपण पाटावर! नुसत्या कल्पनेनं तिच्या गालावर लाली चढायची.

उष्टावणाच्या दिवशी हौसा ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आली तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. कोपऱ्यात बायजाही बसली होती. गावातली सर्वांत म्हातारी तान्हूआजी पुढे होती. वेणू खिरीची वाटी घेऊन आली आणि रिवाजाप्रमाणे तिनं मोठ्यानं सांगितलं, “माझ्या बाळाला दूध आमच्या आत्याबाईंचं.”

हौसानं पहिल्यांदा पाहिलं ते बाळाकडे नाही, सुनेकडेही नाही. तिनं बायजाकडे पाहिलं. मग ती पाटावर बसली. बाळाला मांडीवर घेतलं, वाटी हातात घेतली. इतक्या वर्षांचं तिचं दुखणं त्या घटकेला थांबलं होतं.

वेणू कौतुकानं म्हणाली, “आन् आत्याबाई, मी काही घरातल्या त्या तांब्यातलं साधं दूध घेतलं न्हाई बरं का. सगळं गाव नावाजतं ते राजदूध घेतलं, हांड्यातलं. पहिला घास तुमच्या मानाचाच हवा.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. हौसाचा चमचा वाटीतच थांबला.

त्या वाटीत काय काय आहे हे भरल्या अंगणात तिला एकटीलाच माहीत होतं. पापडखार किती, पीठ किती, तिनंच चिमटीनं टाकलेलं. एकच तर चमचा, तिच्या मनात आलं. एका चमच्यानं काय होतंय? गावातली सगळी पोरं पितातच की! तिनं चमचा उचलला. समोर बायजा बघत होती. आता उठलं तर जन्माचं हसं होणार होतं. बाळानं आ केला आणि दोन्ही हातांनी आजीचं मनगट ओढलं.

हौसाचा हात पुढे जाईना. तिनं चमचा खाली ठेवला आणि वाटी पाटाखाली सारली.

“ही खीर नको,” ती म्हणाली.

“का हो आत्याबाई? अपशकुन झाला का?” वेणू घाबरली.

“न्हाई गं. अपशकुन मीच केलाय.” आणि मग हौसानं मान खाली घालून सगळं सांगितलं. पळसाचं पाणी, शिंगाड्याचं पीठ, साखर, पापडखार, काढून घेतलेली साय. काही राखून ठेवलं नाही.

वेणूनं हळू आवाजात विचारलं, “मग आपल्या घरच्या तांब्यात काय असतं?”

“नुसतं दूध,” हौसा म्हणाली.

तेव्हा तान्हूआजी काठी टेकत उठली. “म्हंजी तुझ्या घरच्यांना दूध, आन् आमच्या लेकरांना हांडा?” तिचा आवाज चढला नव्हता, पण हौसाला तो जन्मभर पुरला. मग आजी बाकीच्यांकडे वळली. “तुम्हीबी खाली माना घाला. मीबी घालते. चार पावलांवर बायजा बसली व्हती. पण आपल्याला गोड लागलं, रंगीत दिसलं, आन् त्यात हाय काय ते कुणी इचारलंच न्हाई.”

ज्या बाईचं पोर रात्रभर रडलं होतं, ती रडत रडत उठून निघून गेली. तिला कुणी अडवलं नाही.

घरच्या तांब्यातलं दूध सकाळीच संपलं होतं. बाकीच्या अकरा गायींची सगळी धार हांड्यांत गेली होती. बाळाच्या पहिल्या घासाला त्या भरल्या घरात दूध नव्हतं. हौसा पाटावरून उठली आणि बायजापुढे जाऊन उभी राहिली.

“बायजे, मागायला तोंड न्हाई मला. पण लेकराला वाटीभर दूध दे. आन् पाटावर तू बस.”

मंडळी, कबुली देणं हौसाला जड गेलं होतं, पण ‘पाटावर तू बस’ हे त्याहून जड गेलं. बायजा घरी गेली, वासराला बाजूला सारलं, जेमतेम वाटीभर दूध घेऊन आली. वेणूनं नवी खीर केली. बायजानं बाळाला पहिला चमचा भरवला, बाळानं तो मिटक्या मारत खाल्ला आणि आणखी मागितला. वेणूनं बायजाची ओटी भरली. हौसा दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. तिच्या छातीत कळ उठलीच. जळायची सवय काही एका सकाळी जात नाही.

दुसऱ्या दिवशी हौसाच्या दारात एकही भांडं आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बारा गायींच्या सडांना तटतटून दूध, आणि घ्यायला माणूस नाही. चांगल्या दुधाच्या चरव्या तिला उकिरड्यावर ओताव्या लागल्या. तेव्हा कुठे तिला उमगलं की बायजा एवढे दिवस कशी राहिली असेल.

मग तिनं रंगीत हांडे फोडून टाकले. गायी डोंगरावर सोडू लागली. भल्या सकाळी एकेका गायीला दाव्यानं धरून ती गावात न्यायची, ज्याच्या दारात गाय उभी त्याच्याच भांड्यात, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची. पहिले कित्येक महिने दारं उघडली नाहीत. मग एक उघडलं, मग आणखी चार. बायजाच्या तीन गायी भावाच्या गावाहून परत आल्या, त्यांना आणायला हौसा स्वतः गेली होती.

हौसाकडे पुढे वीस घरं आली. चाळीस कधीच झाली नाहीत. तान्हूआजीनं तर मरेपर्यंत तिच्या हातचं दूध घेतलं नाही. वेणूला पुढे आणखी दोन मुलं झाली. दोघांच्या उष्टावणाला वेणू वाटी घेऊन भिंतीपलीकडे गेली, आणि हौसानं दोन्ही वेळा पाट स्वतः पुसून बायजासाठी मांडला. हौसाला त्या पाटावर बसायला पुन्हा कुणीही बोलावलं नाही.

तात्पर्य: शेजारणीच्या दुधावर जळून आपलं चांगलं दूध नासवू नये, आणि जे आपल्या लेकराच्या तोंडी घालायला हात धजत नाही ते दुसऱ्याच्या लेकराला कधीच देऊ नये.