सावडीतली सूट

फार पूर्वी, साधे फुटाणे आणायलाही जेव्हा दोन गावं ओलांडून बाजाराला जावं लागे, तेव्हा एका गावात एक आई आणि तिची तरुण लेक राहत होत्या. लेकीच्या पायांत लहानपणापासून बळ नव्हतं. चाकं लावलेल्या पाटावर बसून, हातांनी रेटत ती गावभर फिरे. आई मागून धावे, "अगं हळू, खड्डा आहे!" खड्डा नसला तरी आईला तो दिसायचाच.

त्या गावात सावडीची रीत होती. आज सगळ्यांनी माझ्या शेतात राबायचं, उद्या मी त्यांच्या. कुणाला घर बांधायचं असो की दुकान थाटायचं असो, पाटील पारावर विचारीत, "याची सावड कोणाकोणाकडे आहे?" ज्यांच्यासाठी तो राबला असेल ते उभे राहत, आणि हवं ते पुढे करत. या मायलेकींना मात्र सावडीतून सूट होती. लेक लहान असताना आईनेच ती हात जोडून मागून घेतली होती, आणि मिळाली तेव्हा गावाचे उपकार मानले होते.

लेक चुलीवर फुटाणे असे भाजायची की वास आला की गल्लीतली पोरं खेळ टाकून येत. एक दिवस ती म्हणाली, "आई, मला भट्टी घालायची आहे. भांडवल पाहिजे."

आईच्या मनात आलं, भाजली तर? माल पडून राहिला तर? तरी ती भांडवल मागायला गेली गावातल्या धान्यवाल्या शेठकडे. आली ती एक जुनी साडी आणि दोन लाडू घेऊन.

"तू त्यांना काय सांगितलंस?" लेकीने विचारलं.

"तुझ्या पायांचं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं गं."

"अगं आई, फुटाणे न्यायचे होते ना!"

मग लेक स्वतःच पारावर गेली; मागोमाग आई होतीच. पाटलांनी रीतीप्रमाणे विचारलं, "हिची सावड कोणाकडे आहे?"

कोणीच उठलं नाही. एक ठसकेबाज काकू म्हणाली, "रागावू नकोस पोरी. तुझं आम्ही कधी काही घेतलंच नाही, तर देणं कुठून लागणार?"

"मग या हंगामात मला सावडीत घ्या," लेक म्हणाली.

"आणि तू करणार काय?"

"मला शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढवून द्या, हातात गोफण द्या. पाखरं काय पायांनी हाकलतात, काकू?"

पारावर हशा पिकला. पाटील आईकडे वळले. "वहिनी, सूट तुम्ही मागितली होती. ठेवायची की काढायची, तुम्हीच सांगा."

आईच्या डोळ्यांपुढे उंच माळा आला, मोडकी शिडी आली, वारा आला. 'ठेवा' हा शब्द अगदी ओठांवर होता. तेवढ्यात तिने लेकीकडे पाहिलं. लेक पाटाची कड घट्ट धरून बसली होती.

"काढा," आई म्हणाली.

त्या हंगामात जोंधळ्यावरून लेकीची गोफण सण्णकन फिरू लागली. तिची आरोळी शिवेपलीकडे ऐकू जाई. पहिल्या दिवशी आई पाण्याचा तांब्या घेऊन माळ्याखालीच उभी राहिली.

"आई, घरी जा बरं! तुला बघून पाखरांना वाटतं, इथे जेवणावळ आहे."

एकामागून एक शेतं तिने राखली. जोंधळा खळ्यावर आला, तेव्हा पाटलांनी पुन्हा विचारलं, "हिची सावड कोणाकडे आहे?"

आधी उठली ती ठसकेबाज काकू. "कढई माझी. लेकाच्या लग्नापासून नुसती उताणी पडली आहे मेली." मग कोणी भट्टीची माती कबूल केली, कोणी छपराचे बांबू. बघता बघता पारावरचे सगळे उठून उभे राहिले.

शेठ पुन्हा एक जुनी साडी घेऊन आले. लेकीने ती अदबीने परत केली. "शेठजी, त्यापेक्षा एक पोतं हरभरा उधार द्या."

"आणि फुटाणे नाही खपले तर?"

"तर तुमच्या शेतावर माळा आहेच की!"

शेठ हसले. आजवर तिला पुष्कळांनी दान दिलं होतं, उधार कोणी दिलं नव्हतं. शेठनी गड्याला पोतं उचलायला सांगितलं, तेव्हा आईची मान अशी ताठ झाली की पदर डोक्यावरून घसरला, तरी तिला कळलं नाही.

भट्टी पेटली, कढईत वाळू तापली आणि फुटाणे तडतडले. आता शेजारच्या गावचे लोकच इथे येऊ लागले. शेठचा हरभरा संक्रांतीच्या आत फिटला.

पुढच्या वर्षी एका सुताराचं छप्पर शाकारायचं निघालं. पाटील पारावर नावं घेत होते. मायलेकींपाशी येऊन सवयीने म्हणाले, "तुम्हाला काय, सूट..."

"सूट कोणाला?" आई उठून उभी राहिली. "छपरावर मी चढते. खाली बसून पेंढ्या लेक बांधेल."

"आई, हळू हं," लेक म्हणाली, "शिडी मोडकी आहे!"

तात्पर्य: ज्याला देण्यातून वगळलं, त्याचा मागण्याचा हक्कही आपण काढून घेतो. मायेने सूट देण्याआधी, ती हवी आहे का, एवढं तरी विचारावं.