शून्य निकाल

"म्हणजे जगात कुणीच लिहिलं नाही? कुणीच?"

"कुणीच नाही, चाचा! शून्य. हे बघा."

निनादने लॅपटॉप फिरवला. स्क्रीनवर खरंच शून्य निकाल. मी त्याच्या मागे उभी होते. याच्या नादात आख्खी दुपार गेली होती माझी.

निनाद बिराजदार. पीएचडी करतोय, म्हणजे करायची आहे. सिनॉप्सिस दोनदा परत आलाय. उद्या अकराला तिसरी वेळ. उद्याही परत आला तर प्रवेशच रद्द. समितीत बाहेरून कोण, तर कल्याणशेट्टी मॅडम. त्यांचं नाव ऐकूनच पोरं टाइप करताना चुकतात.

आणि मुजावर चाचा म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातले सगळ्यात जुने. संदर्भ विभागात बसतात. सिनॉप्सिसवर 'शोध घेतला' असा शिक्का लागतो, तो त्यांच्या खणात असतो.

निनादच्या कागदावर पहिलंच वाक्य होतं: 'या विषयावर आजवर कोणतेही संशोधन झालेले नाही.' ठळक टायपात.

"काय टाकून शोधलंस?"

"पूर्ण शीर्षक. अवतरण चिन्हांत. म्हणजे कसं, एकदम नेमकं!"

चाचांनी चष्मा लावून वाचलं. "सोलापूर शहरातील विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या गृहांतर्गत श्रमावकाशाची पुनर्रचना, एक चिकित्सक अभ्यास."

"भारी आहे ना?"

"श्वास पुरला नाही."

मी हसले. निनादने माझ्याकडे असं बघितलं की बस.

चाचांनी एक चिठ्ठी घेतली. काहीतरी लिहिलं. "जा, वाचनकक्षाच्या दारात उभा राहून हे मोठ्यानं विचार."

"आत्ता? चाचा, तिथे साठ जण अभ्यासाला बसलेत."

"शिक्का पाहिजे ना?"

गेला बिचारा. मीही गेले, असलं कोण सोडतं!

"अक्कलकोटचा, डावखुरा, चष्मेवाला, आज उपास धरलेला आणि इतिहास वाचत बसलेला कुणी आहे का?"

साठ माना वर. साठ माना खाली.

"अक्कलकोटचा मी आहे," कोपऱ्यातून एक जण म्हणाला. "पण आत्ताच वडापाव खाल्लाय."

"ए, बाहेर जा ना!" एक मुलगी ओरडली.

परत आलो. निनादचे कान लाल.

"काय झालं?"

"कुणी नाही."

"बरं." चाचांनी कोरा कागद ओढला, सावकाश लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. "वाचनकक्षात आज कोणीही नाही." मग खणातून शिक्का काढला. "मारू?"

"नको, चाचा!" निनाद म्हणाला. मग त्याने लॅपटॉप जवळ घेतला. आधी अवतरण चिन्हं काढली.

"अजून काय पुसू?"

"ज्याचा सगळ्यात जास्त अभिमान आहे, ते."

'चिकित्सक अभ्यास' गेलं. 'पुनर्रचना' गेली. 'श्रमावकाश' पुसताना त्याचा जीव गेला, मी बघितलं ना! तो शब्द बनवायला त्याला आठवडा लागला होता.

"तुझ्या घरात विडी कोण वळतं?"

"आत्या."

"तिच्या मांडीवर काय असतं?"

"सूप. त्यातच पान, तंबाखू, दोरा, सगळं."

"मग?"

निनादने टाइप केलं. विडी, सूप, घर, सोलापूर. चारच शब्द.

निकाल आले. पहिला भलताच, सुपाच्या रेसिपीचा. दुसरा एका दुकानाचा. तिसऱ्यावर त्याचं बोट थांबलं.

'मांडीवरचं सूप: विडी कामगार बायका आणि त्यांचं घर.' प्रबंध. सव्वीस वर्षांपूर्वीचा. प्रत कुठे, तर याच ग्रंथालयात, दुसरा मजला.

खाली नाव. ल. शि. कल्याणशेट्टी.

मी म्हटलं, "अरे देवा."

निनादने ते ठळक वाक्य पुन्हा वाचलं. उद्या अकराला तो हे कुणासमोर वाचणार होता, ते आत्ता त्याला दिसलं असावं.

चाचा उठले, जिना चढून गेले आणि पाच मिनिटांनी काळ्या बांधणीचा जाडजूड प्रबंध घेऊन आले. टेबलावर ठेवला. फुंकर मारली. धूळ माझ्याच नाकात.

"तुम्हाला माहीत होतं?" निनादने विचारलं.

चाचांनी प्रबंधावरची उरलेली धूळ बाहीनं पुसली.

"संपलं, चाचा. विषय गेला माझा. सगळं यात असणार. मघाशी निदान शून्य तरी होतं माझ्याकडे..."

चाचांनी शिक्का खणात टाकला. खण लावला. प्रबंध उघडून पहिलं पान त्याच्यासमोर सरकवलं.

"मॅडमना उद्या काहीतरी विचारता तरी येईल. शून्याला तू काय विचारणार होतास?"