दाविदबुवांचा सूर

मुळा नदीच्या पात्रात भर उन्हाळ्यातही छातीएवढं पाणी टिकायचं, तेव्हाची ही गोष्ट. ज्यांनी पाहिलं ते मातीआड गेले, ज्यांनी त्यांच्याकडून ऐकलं तेही थकले. पण चिंचवणी गावात ती अजून सांगतात, आणि कुणी मधूनच उठला तर त्याला हाताला धरून खाली बसवतात.

त्या काळी नदीच्या दोन्ही काठांवर, चाळीस गावांत, दाविदबुवा सरोद्यांचा मेळा गाजत होता. मेळा म्हणजे घरचीच पाच माणसं. बुवांच्या हाती एकतारी, बायकोकडे टाळ, दोघे मुलगे डफावर, आणि धाकटी रिबका, तिच्याकडे नुसता गळा. बैलगाडीतून गावोगाव फिरायचे, प्रभू येशूची भजनं गायची, घरटी ओंजळभर पीठ घ्यायचं, आणि निघताना बसलेली जागा झाडून द्यायची. ते गायला लागले की मोटेचे बैल उभे राहायचे, असं म्हणतात. वर्षभर अबोला धरलेल्या जावा एका घोंगडीवर येऊन बसायच्या, हे तर पाहणारेच सांगायचे.

मेळ्याची एक रीत होती. गावात शिरलं की आधी चर्चच्या घंटेला एक टोला द्यायचा, डोळे मिटून ऐकायचं, आणि एकतारीची तार त्या आवाजाला मिळवून घ्यायची. बुवा म्हणायचे, "ज्या गावात गायचं, त्या गावाच्या सुरात गावं." चाळीस गावांना याचं कौतुक होतं. नव्हतं ते एका थोमा कारभाऱ्याला.

थोमा हा चिंचवणीच्या चर्चचा कारभारी. किल्ली कायम कंबरेला आणि नजर कायम दुसऱ्याच्या हाताकडे. घरातलं मीठ संपलं तरी हा शेजारणीच्या चुलीकडे बघणार. चर्चची घंटा होती पितळेची, भली थोरली, नदीकाठच्या जांभळाच्या फांदीला टांगलेली. एका भादव्यात मेळा आला, तेव्हा बुवांनी तिला टोला दिला, तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "कारभारी, असली घंटा चाळीस गावांत न्हाई." थोमाच्या मनात तिथंच पाल चुकचुकली. घंटेचं एवढं कौतुक कशाला?

दुसऱ्या दिवशी दुपारी मेळा निघाला. आभाळ भरून आलं होतं, म्हणून गाडीवर घोंगड्या टाकून नीट बांधल्या होत्या. संध्याकाळी नदीला भादव्यातला पूर आला. सकाळी बघतात तो घंटा नाही.

आता खरं सांगायचं तर पावसाळ्यात घंटा उतरवून चर्चमध्ये ठेवायची, हे काम थोमाचंच. त्या वर्षी ते राहून गेलं होतं. पण सारा गाव त्याच्या तोंडाकडे बघायला लागला, तसं त्याच्या तोंडून निघून गेलं, "फांदी करवतीनं कापलीया. गाडी झाकून का नेली आसंल, तुमीच इचार करा." पाणी जांभळाच्या खोडाला लागलेलं होतं. जवळ जाऊन फांदी कुणी पाहिली नाही, पूर ओसरल्यावरही नाही, आणि थोमानंही नाही. दोन दिवसांनी तर त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं.

गाडीच्या आधी बातमी पोचायची. पुढच्या गावात मेळ्याला पीठ मिळालं, त्याच्या पुढच्या गावात पाणीसुद्धा नाही. बुवा घंटेजवळ गेले की माणसं आडवी उभी राहायची, त्यामुळं तार चिंचवणीच्याच सुरात राहिली. तीन वर्षांत मेळा मोडला. मुलगे पोटासाठी गिरणीवर निघून गेले, बायको झुरून गेली, आणि बुवा परगावच्या एका पडवीत एकतारी उशाला घेऊन वारले. चाळीस गावांना गाणं शिकवणाऱ्या माणसाच्या मातीला सहा माणसंही नव्हती. याचं वाईट आजही वाटतं.

घंटा गेली त्याला वीस वर्षं झाली. चिंचवणीनं दुसरी घंटा घेतली नाही, कारण थोमा म्हणायचा, ती तरी कोण राहू देणार आहे? आणि एके दिवशी, ईस्टरच्या आदल्या सकाळी, एक गाडी चर्चसमोर येऊन थांबली. एक बाई उतरली, मागून तिचा नवरा आणि मोठ्या झालेल्या दोघी लेकी. बाईच्या हातात तांब्याच्या तारेनं बांधलेल्या भोपळ्याची एकतारी होती. थोमानं ती लगेच ओळखली आणि त्याचा हात किल्लीवर गेला.

"मी दाविदबुवांची रिबका," बाई म्हणाली. "बापानं ही तार मरेस्तोवर उतरवली न्हाई. म्हनला, हितल्या घंटेचा सूर हाय, हितंच न्हेऊन दे. येकदा गाऊ द्या, कारभारी. बापाचं नाव चोरांत ऱ्हायलंय."

वीस वर्षांनी चोर परत येतो तो उगाच येत नाही, एवढंच थोमाला सुचलं. तो म्हणाला, "चर्चमधी न्हाई. उद्या उजाडताना नदीच्या पात्रात गा, उघड्यावर. आन् आधी गाडी सगळ्यांम्होरं रिकामी करायची."

तसंच झालं. गाडीत निघालं एक पातेलं, चार भाकरी, डफ आणि टाळ. थोमानं घोंगड्यासुद्धा झटकून पाहिल्या. पूर्वेला तांबडं फुटलं, रिबकानं तार छेडली आणि चौघांनी सूर लावला. अन् गाव एकमेकांकडे बघायला लागला. तोंडं चार आणि आवाज पाच, असं म्हणतात. पाचवा आवाज खोल होता, भरलेल्या रांजणात बोलावं तसा.

"बघा, म्हटलं न्हवतं म्या?" थोमा म्हणाला. "पाचवा कुटंतरी लपवून ठिवलाय." काठी घेऊन त्यानं लव्हाळा धुंडाळला, दगडांमागं पाहिलं, गाडीखाली वाकला. गाणं थांबलं की आवाज थांबायचा. "गा, गा," तो खेकसायचा आणि पुन्हा कानोसा घ्यायचा. आवाजाच्या मागोमाग तो जांभळाखालच्या डोहाशी आला आणि तसाच कपड्यानिशी पाण्यात उतरला. पाणी छातीला लागलं, आणि पायाला काहीतरी गोल, कठीण लागलं. त्यानं बुडी मारून हात लावला. ते हाताखाली थरथरत होतं.

थोमा वर आला तो पांढराफटक. अजून कुणाला काही कळलं नव्हतं. "काही नाही" म्हणून तो बाहेर आला असता, तर सरोदे कायमचे चोर राहिले असते आणि तो कायमचा कारभारी. वीस वर्षं सांभाळलेली गोष्ट सांभाळायला दोनच शब्द पुरेसे होते. तो काठाकडे वळला नाही.

काठावरून रिबकानं विचारलं, "कारभारी, घावला का चोर?"

"घावला," थोमा म्हणाला. "पान्यात उभा हाय."

चार बैल लावून घंटा बाहेर काढली. कडीत फांदी तशीच अडकलेली होती, साल सोलून मोडलेली. करवतीची खूण कुठंच नव्हती. थोमानं कंबरेची किल्ली सोडून डोहात टाकली. मग ती घंटा खांद्यावर घेतली आणि चाळीस गावं पायी फिरला. दोन गड्यांना न उचलणारी घंटा त्यानं एकट्यानं वाहिली, असं म्हणतात. प्रत्येक गावात एक टोला द्यायचा आणि सांगायचं, "दाविदबुवा चोर न्हवता. खोटं म्या बोललो." त्याच्या मागून रिबकाचा मेळा यायचा आणि त्याच सुरात गायचा. तिनं त्याला माफ केलं का, ते कुणी सांगत नाही. पण वाटेत ती त्याला भाकरी वाढायची, एवढं सांगतात.

चिंचवणीच्या चर्चला आजही कुलूप नाही. ईस्टरच्या पहाटे गाव पात्रात जमतं, आणि घंटेचा पहिला टोला त्या दिवशी गावात आलेल्या परक्या माणसानं द्यायचा असतो. आणखी एक रीत आहे, ती रोजची. गावात कुणाची वस्तू हरवली, तर त्यानं कुणाचं नाव घेण्याआधी डोहावर जायचं, दाविदबुवांचं नाव घ्यायचं आणि गाळात कोपरापर्यंत हात घालून यायचं. डोहात आता घोटाभरच पाणी असतं. तरी माणसं जातात, चिखलाचे हात घेऊन परत येतात, आणि आधी आपल्याच घरात शोधायला लागतात.