दोन तासांची पट्टी

“...आणि वर ती डॉक्टरबाई म्हणते, चांगला डोळा झाका! महाराज, याला काही अर्थ आहे?”

खर्डे गुरुजींनी प्रश्न विचारला खरा, पण उत्तरासाठी थांबायची त्यांना सवय नव्हती. बावीस वर्षं शाळेत प्रश्न तेच विचारत आले होते आणि उत्तरंही बहुतेक तेच देत.

टेकडीवरच्या मठात कान्होबाबा तुटलेल्या जपमाळेचे मणी गोळा करत बसले होते. गुरुजींशेजारी त्यांची लेक. नाकावर जाड चष्मा, त्यामागे उजव्या डोळ्यावर चिकटवलेली पट्टी.

“बाळ, नाव काय तुझं?”

“शर्वरी,” गुरुजी म्हणाले.

“कितवीत आहेस?”

“पहिलीत. दहापर्यंत पाढे पाठ आहेत.”

“कुठला डोळा आत वळतो गं?”

“उजवा. चष्मा लावला की बराच सरळ होतो, काढला की पुन्हा नाकाकडे धावतो. म्हणून मी पट्टी उजव्यावरच लावतो. कच्च्याला विश्रांती नको? तीन महिने झाले, पण फरक शून्य! आता आपणच काही अंगारा...”

बाबांनी हात पुढे केला. गुरुजींना वाटलं, पट्ट्यांचं पाकीट हवंय. त्यांनी दिलं.

बाबांनी एक कोरी पट्टी काढली, मागचा कागद सोलला आणि गुरुजींच्या तोंडावर चिकटवली. मिशीसकट.

...

मठात इतकी शांतता झाली की खालच्या ओढ्याचं पाणी ऐकू आलं.

बाबा पोरीकडे वळले. “हं. काय म्हणाल्या डॉक्टरबाई?”

शर्वरीने आधी वडिलांकडे पाहिलं. तिकडून काही येईना.

“बाई म्हणाल्या... डावा झाकायचा. सगळं तो एकटाच बघतो, मग उजवा नुसता बसून राहतो. आत्ताच शिकवायचं त्याला. मी मोठी झाले की मग तो ऐकणार नाही.”

“हम्म्! हम्म्!” गुरुजी म्हणाले.

“मग हे तू सांगितलं नाहीस?”

“कुणाला?” शर्वरीने विचारलं.

गुरुजी एकदम गप्प झाले. आता पट्टीमुळे नव्हे.

पोरीने उजव्या डोळ्यावरची पट्टी हळूच काढली, डाव्यावर दाबून बसवली, वर चष्मा चढवला. “बाई म्हणाल्या, पट्टी लावून मणी ओवायचे.”

बाबांनी मणी आणि दोरा तिच्या ओंजळीत ठेवला.

दोरा मण्याच्या बाजूने गेला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा मणीच घरंगळला. गुरुजींचा हात आपोआप पुढे आला. बाबांनी त्या हाताकडे नुसतं पाहिलं. हात मागे गेला आणि मांडीखाली जाऊन बसला.

आठव्या खेपेला दोरा मण्यातून पार झाला.

“गेला!” शर्वरी ओरडली.

गुरुजींनी उपरण्याने डोळे पुसले. मग मान हलवली, कळलं, कळलं अशी, आणि मिशीच्या टोकाशी पट्टीचा कोपरा चाचपू लागले.

“शर्वरी,” बाबा म्हणाले, “रोज किती वेळ ठेवायची म्हणाल्या बाई?”

“दोन तास.”

बाबांनी उंबऱ्यावरचं ऊन पाहिलं.

“मग बसा, गुरुजी. आत्ता कुठे पाव तास झालाय.”