वाऱ्यानं पडलेल्या दांड्या

फार मागली गोष्ट. तेव्हा राजे होते, रान होतं, आणि माणसं आजच्यासारखीच होती, म्हणजे बरीचशी मूर्ख. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी जास्त ऐकावी, कारण यातली चूक मोठ्यांची आहे.

एका नदीच्या दोन तीरांवर दोन राज्यं होती. दोन्ही माळरानाची, खडकाळ. मधे नदी वळण घेते तिथं एक कुरण होतं. उन्हाळ्यात सगळीकडची माती भाजून निघाली तरी तिथं गुडघ्याएवढं गवत असायचं. कुरण ज्याच्याकडं, त्याची गुरं जगायची. दुसऱ्याच्या गुरांच्या फासळ्या दिसायच्या.

आधी या कुरणापायी लढाया झाल्या. मग दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना अक्कल आली. त्यांनी ठरवलं, दर तीन सालांनी कुरणाच्या कडेला चेंडूफळीचा सामना खेळायचा. एकानं चेंडू फेकायचा, दुसऱ्यानं लाकडी फळीनं तो मारायचा आणि पाठीमागच्या तीन दांड्या राखायच्या. दांड्या पडल्या की बाद. जो संघ जिंकेल, त्याच्या राज्याची गुरं तीन सालं कुरणात चरतील. माणसं पडण्यापेक्षा दांड्या पडलेल्या बऱ्या.

अलीकडच्या तीरावरचं राज्य या खेळात वस्ताद. पिढ्यान् पिढ्या कुरण त्यांच्याकडंच राहिलं. तिथल्या लोकांना वाटायला लागलं, गवत आपल्यासाठीच उगवतं.

मग तिथं एक राजा झाला. त्याला खेळायचा भारी षोक. तरुणपणी बरा खेळायचा. म्हातारपणी हात थरथरायला लागले, तरी फळी सुटेना. एके दिवशी सरावात एकाच्या चेंडूनं त्याच्या दांड्या उडाल्या. राजाचं तोंड उतरलं. तेव्हा प्रधान पुढं झाला. त्यानं फेकणाऱ्याला दांड्या पुन्हा रोवायला लावल्या आणि हात जोडून म्हणाला, "वारा सुटलाय, महाराज. आपण खेळा."

झाडाचं पान हलत नव्हतं. पण कुणी हसलं नाही.

तिथून रीत पडली. राजानं ज्याच्या डोक्याला मानाचा फेटा बांधला, तो घरच्या मैदानावर बाद होत नाही. दांड्या पडल्या की सगळ्यांनी म्हणायचं, "वारा." मग ज्यानं चेंडू फेकला त्यानंच जाऊन दांड्या रोवायच्या आणि खेळ पुढं चालू. पुढं पुढं फेकणाऱ्यांनी दांड्यांवर चेंडू फेकायचंच सोडलं. दर वेळी वाकायचं कुणी?

म्हातारा राजा गेला, त्याचा मुलगा गादीवर आला. रीत तशीच राहिली. चांगल्या रिती मोडायला दोन दिवस लागतात, वाईट टिकतात.

त्या वेळी संघाचा म्होरक्या एक पिकल्या मिशांचा गडी होता. सगळं राज्य त्याला मामा म्हणायचं. खरा मामा मात्र तो एकाचाच होता. तो भाचा पुढं येईल.

तीन सालांचा सामना आला. मामाचा संघ फेटे बांधून, ढोल लावून गेला. पैलतीराच्या गड्यानं पहिलाच चेंडू सरळ टाकला. दांड्या उडाल्या. मामाच्या संघाचा खेळाडू जागचा हलेना. तो कुणी "वारा" म्हणायची वाट बघत उभा.

पैलतीरचा गडी म्हणाला, "पाव्हणं, निघताय का जेवूनच जाणार?"

असेच एकामागून एक गेले. प्रत्येक जण आधी उभा राहायचा, मग हशा झाला की निघायचा. मामाही क्षणभर उभा राहिला. सवय झाली की पाय लवकर हलत नाहीत.

सामना गेला. कुरण गेलं. त्या उन्हाळ्यात अलीकडच्या तीरावर गुरं मेली. पहिली म्हातारी मेली, मग दुभती. लोक घरांवरचं गवती छप्पर काढून गाईंपुढं टाकायला लागले. गिधाडांना उडायचा कंटाळा आला.

राजानं दरबार भरवला. म्हणाला, "संघ नव्यानं बांधायचा. काय चुकलं ते सांगा."

प्रधान म्हणाला, "फळ्या आखूड होत्या, महाराज." लांब फळ्या आल्या. पुरोहित म्हणाला, "मैदानाचं तोंड दक्षिणेला आहे." मैदान फिरवलं. एक सरदार म्हणाला, "फेट्याचा रंग फिका पडतो." रंग बदलला. शेवटी मामा सोडून सगळ्यांना काढलं आणि गावोगावचे तरणेबांड गडी आणले. पहिल्याच दिवशी वाजतगाजत त्यांना फेटे बांधले. अजून एकानंही चेंडू मारला नव्हता.

त्यांच्यात मामाचा भाचा होता. मामाच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. चार गाई, पाचवी कपिला आणि बोचरी जीभ, एवढीच त्याची मिळकत. चेंडू असा फेकायचा की दिसायच्या आधी ऐकू यायचा. फेटा बांधायला आले तेव्हा त्यानं डोकं बाजूला घेतलं.

"राहू द्या. आधी काही करतो, मग बांधा."

राजा सराव बघायला बसला होता. मामा फळी घेऊन उभा राहिला. भाचा धावत आला आणि चेंडू सुटला. मामाच्या तिन्ही दांड्या तीन दिशांना गेल्या.

"वारा," सगळे म्हणाले.

"कुठला वारा?" भाचा म्हणाला. "तिकडं धूळ बघा, सरळ खाली बसतीय."

प्रधान म्हणाला, "दांड्या रोव."

"रोवतो की. मामा, बाद झालात म्हणा, लगेच रोवतो."

"लेका, कुणाशी बोलतोस?" मामा म्हणाला.

"जे मागल्या खेपेला कुरणावर पाहुण्यासारखे उभे राहिले, त्यांच्याशी. गुरं मेली मामा. मीच ओढून टाकली ओढ्यात. तुमच्या या वाऱ्यानं मेली ती."

आता खरं सांगायचं तर हे बोलणं वाईट होतं. चारचौघांत, नव्या पोरांसमोर, सख्ख्या मामाला असं बोलू नये. पण खरं बोलणारा गोडच बोलेल, असं कुणी कबूल केलेलं नसतं. त्याच्या बोलण्यातला काटा काढून टाकायचा आणि बोलणं ठेवायचं, हे मोठ्याचं काम.

राजा खुळा नव्हता. तो उठून मैदानात आला. म्हणाला, "मामा, तुम्ही सांगा. बाद होता का?"

एवढंच विचारलं. मामानं नव्या गड्यांकडं बघितलं. सगळे आपापल्या फेट्याला हात लावून उभे होते. मामा बाद म्हणाला असता, तर उद्यापासून तेही बाद झाले असते. आणि मिशा पिकेपर्यंत जमवलेला मान त्या धुळीत पडला असता.

"वारा होता, महाराज," मामा म्हणाला.

भाच्यानं मामाकडं जरा वेळ बघितलं. मग वाट धरली. दांड्या तशाच पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्याला मैदानाची बंदी झाली.

सराव जोरात सुरू झाला. लांब फळ्यांचे लांब टोले. राजाला बरं वाटायचं. लोक म्हणायचे, असा संघ झाला नाही. तीन सालं सराव चालला आणि त्या तीन सालांत एकही माणूस बाद झाला नाही.

मधल्या एका उन्हाळ्यात मामाची बहीण त्याच्या दारात आली. उंबऱ्याबाहेरच बसली. पाणी दिलं, प्यायली नाही.

"दादा, तो गेला नदी उतरून."

"कोण?"

"कोण म्हणजे? मला किती लेकरं आहेत? चारी गाई घेऊन गेला. कपिला उठेना. तिच्यापाशी लई वेळ बसला, मग सोडून गेला."

मामाच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. "शत्रूकडं गेला?"

"गवताकडं गेला," बहीण म्हणाली. "तू त्या दिवशी एक शब्द बोलला असतास, तर इथंच राहिला असता. लहानपणी तूच शिकवलंस ना त्याला, सरळ टाक म्हणून?"

मामा उठला. आत जाऊन फळीला तेल लावत बसला. फळीला तेलाची गरज नव्हती.

पैलतीरावर काय झालं तेही ऐका. तिथं भाच्याचे कुणी पाय धुतले नाहीत. तिथला म्होरक्या म्हणाला, "आमच्या कुरणात गाई चारायच्या असतील तर चेंडू टाकून दाखव." भाच्यानं पहिल्याच चेंडूला त्याचा त्रिफळा उडवला. म्होरक्यानं आपल्या हातानं दांड्या रोवल्या, पाय जरा आत घेतला आणि म्हणाला, "परत टाक." दिवसभर तो बाद होत राहिला. महिनाभरानं कमी वेळा बाद व्हायला लागला. सालभरानं त्याला बाद करताना भाच्याला घाम फुटायला लागला. संघ असा बांधतात. त्याला ढोल लागत नाही.

पुन्हा सामना आला. दोन्ही तीरांवर माणसं दाटली. पैलतीरानं आधी फळी धरली आणि धावा करून ठेवल्या, फार नाही, पण पुरेशा. मग मामाचा संघ खेळायला आला. पैलतीराकडून चेंडू हातात घेऊन जो पुढं आला, तो भाचा. अलीकडच्या तीरावर कुजबुज झाली. कुणी थुंकलं. बहीण मान खाली घालून बसली.

त्यानं शिवी दिली नाही, हसला नाही. नुसते सरळ चेंडू टाकले. नवे गडी लांब फळ्या फिरवायचे आणि मागं खडखड ऐकू यायची. बाद कसं व्हायचं असतं तेच त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, मग बाद कसं व्हायचं नसतं ते कुठून येणार?

शेवटचा मामा उरला. धावा बऱ्याच हव्या होत्या, पण मामा मामा होता. 

भाचा जवळ आला. "मामा, पाय आत घ्या. सरळ टाकणार आहे."

"तुझा चेंडू तू टाक. मला शिकवू नको."

"सांगायचं काम केलं."

"आई तिथं बसलीय तुझी," मामा म्हणाला.

"बघितलं. माझ्या गाई इकडं कुरणात चरतायत," भाचा म्हणाला, आणि मागं गेला.

चेंडू आला. मामानं पाय आत घेतला नाही. तीन सालांत कुणी त्याचा पाय चुकतो असं म्हटलंच नव्हतं. दांड्या गेल्या.

आणि अलीकडच्या तीरावरून, सवयीनं, शंभर तोंडांतून एकदम शब्द आला, "वारा."

पैलतीर हसून लोटपोट झाला. मामा उभा होता. मग त्यानं डोक्यावरचा फेटा काढला, काखेत धरला आणि पंचाला म्हणाला, "बाद आहे. वारा नव्हता. त्या दिवशीही नव्हता."

भाचा दांड्या उचलायला वाकला होता. मामा म्हणाला, "राहू दे. आता कशाला?"

कुरण पुन्हा गेलं.

मामा राजापुढं उभा राहिला आणि सगळं बोलला. कुणाचं नाव घेतलं नाही, स्वतःचं तेवढं घेतलं. राजानं ऐकून घेतलं. त्याच दिवशी रीत मोडली. दवंडी पिटली की आता मैदानावर जो बाद, तो बाद, राजा असला तरी. फेटे बंद. प्रधान घरी बसला. मामाला हुकूम झाला, "पुन्हा संघ बांधा. या वेळी खरा बांधा."

मामा भल्या सकाळी मैदानावर जाऊन उभा राहिला. ढोल वाजवला. ऊन वर आलं. चार माणसं आली. त्यातला एक लंगडत होता आणि एक सामना कधी आहे ते विचारायला आला होता.

बाकीचे कुठं गेले? जिथं गाई तिथं माणसं. तरण्या गड्यांनी सामना हरताच उरलीसुरली गुरं घेऊन नदी ओलांडली होती. भाच्यानं वाट दाखवली, त्यावरून गावंच्या गावं गेली. मामाची बहीणही गेली. म्हाताऱ्यांचा जुना करार असा होता, जो सामन्याला अकरा माणसं उभी करू शकणार नाही, त्याचा कुरणावरचा हक्क कायमचा सुटला.

राजानं निरोप पाठवले, बक्षिसं लावली, शेवटी स्वतः फळी घेऊन उभा राहिला. तरी अकरा भरले नाहीत. तीन सालांनी ठरल्या दिवशी पैलतीराचा संघ आला, दुपारपर्यंत थांबला आणि परत गेला. ते कुरण त्या तीराला मग कधी मिळालं नाही. पुढं राज्यही राहिलं नाही. माळ तेवढा राहिला.

तात्पर्य: आपल्या माणसानं घरात पाडलं तर ते पडणं मान्य करा, नाहीतर परका चारचौघांत पाडतो आणि तेव्हा उचलायला आपलं माणूस उरत नाही.